जवानाच्या गाण्याचं शेवटचं कडवं

माझं एक गाणं बदलापूरपासून शहाडपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. हे वाक्य मी एके काळी फुशारकीने म्हणायचो. आता ओळख करून देताना कोणी "ते जवानाचं गाणं यांचंच" असं म्हणालं की मी खाली चपलांकडे बघतो. समोरच्याला वाटतं, एवढं नाव झालं तरी माणूस किती साधा राहिलाय. त्याचा तो गैरसमज मी दूर करत नाही, ही माझीच एक खोड.

मी दिवसा अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीनवर उभा असतो आणि लग्नसराईत आमच्या बेंजो पार्टीत गातो. आमचं गाव बारवी धरणाच्या रस्त्याला. आम्ही आगरी, आणि आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. अक्षता टाकायला माणूस एक वेळ आला नाही तरी चालतं, पण हळदीला येऊन नाचला नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. अशा हळदीत गाणारा म्हणजे गावात थोडा राजाच असतो. मला ते राजेपण फार लवकर चढलं, हे आधीच सांगून टाकतो.

हळदीत गाण्याची आमची एक रीत आहे. ज्या घरी गायचं त्या घरून आधी एक चिठ्ठी घ्यायची. नवऱ्यामुलाचं नाव, आईबापांची नावं, मामा, आत्या, अंगणात कसलं झाड आहे, दाराला रंग कुठला आहे, असं सगळं तिच्यात लिहून मागायचं आणि मग ते गाण्यात ओवायचं. स्पीकरमधून मामाचं नाव आलं की मामा उठून नाचतो, आत्या डोळे पुसते. गाणं आपल्या घराचं आहे असं वाटलं पाहिजे, एवढीच त्यातली कला. वीस वर्षं हेच करत आल्यामुळे मला दुसऱ्या तऱ्हेने गाणं लिहिताच येत नाही. कोणाचं तरी घर उचलल्याशिवाय माझी ओळ पुढे सरकत नाही.

माझा चुलतभाऊ फौजेत आहे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. त्याचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच सामाईक अंगण. त्याचे आईवडील गेल्यापासून त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या वहिनीला, माझी आईच सासूच्या जागी. वहिनी भावकीतली थोरली सून. त्यामुळे कुठल्याही लग्नात घाणा भरताना पहिलं मुसळ तिच्या हातात द्यायचं, हे ठरलेलं. घाणा भरायचा म्हणजे पाच सवाष्णींनी मिळून लग्नाची हळकुंडं कांडायची. आंब्याची पानं बांधलेलं ते मुसळ जी पहिल्यांदा उचलते, ती त्या दिवशी मांडवात मानाची बाई. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून ते उचलत होती. कोणी तिला बोलवायचंसुद्धा नाही, ती आपली पदर खोचून येऊन बसायची.

त्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. दादा सुट्टीवर आला होता, त्याची सुट्टी रद्द झाली आणि तो अर्ध्या दिवसात निघून गेला. टीव्हीवर किंचाळणं चालू होतं. आमच्या कारखान्यात सायरनची तालीम झाली आणि आम्ही सगळे हसतखिदळत गेटबाहेर जाऊन उभे राहिलो. दादाचा फोन मात्र बंद लागत होता. तो कुठे आहे, हे त्यालाच सांगता येत नसेल तर आम्हाला कुठून कळणार?

एका दुपारी मी वहिनीकडे गेलो. ती ओटीवर बसून सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होती. अंगणात पाचोळा साचला होता, कागद, कोंबड्यांची पिसं, काय काय पडलं होतं. आमच्याकडे माणूस गावाला निघून गेला की लगेच केर काढत नाहीत. वहिनी दादा पोचल्याचा फोन आल्याशिवाय अंगणाला खराटा लावत नसे. या खेपेला फोनच आला नव्हता, म्हणून नऊ दिवस अंगण तसंच होतं. शेजारपाजारचे बघत होते आणि कोणी काही बोलत नव्हतं.

"फोन लागला काय गो?" मी विचारलं.

"नाय लागत. ती बाय बोलते, बंद हाय. पन मी लावतंय. दिसातून धा वेला लावतंय."

"बंद हाय तर लावतंस कशाला?"

"ती बाय रोज तेच बोलते ना, भावजी. काय वंगाल झाला असता तर तिचा बोलना बदलला असता."

हे तिने मला सांगितलं, कारण मी घरचा होतो. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते, हे तिलाही कळत होतं. मी ऐकत होतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात चाल बसत होती. दोन्ही खरं होतं. पण पाणी लगेच सुकलं आणि चाल राहिली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात चहाच्या सुट्टीत मी पहिली दोन कडवी लिहिली. "झाडू नको अंगन गो, पाऊल त्याचा जाईल" हे धृपद. पहिल्या कडव्यात पाचोळा, दुसऱ्यात ती फोनवरची बाई. रीतीप्रमाणे घराच्या खुणाही आल्या. वहिनीचं निळं दार आलं, दाराशी जांभूळ आलं, धरणाकडे जाणारा रस्ता आला. नाव मात्र मी मुद्दाम घातलं नाही. नाव नाही म्हणजे कोणाला काय कळणार, असं स्वतःलाच सांगितलं. ज्याने आयुष्यभर दाराच्या रंगावरून मामांना नाचवलं त्याने असं समजावं, म्हणजे शहाणपणाची कमालच.

मग दोन गोष्टी झाल्या, आणि त्यांचा क्रम मी कोणाला सांगत नाही. आधी तोफा थांबल्या आणि दादाचा फोन आला. वहिनीने इतक्या जोरात खराटा मारला की धूळ आमच्या घरात आली, आणि आई तिला लटकंच ओरडली. हे सगळं झालं. त्यानंतर दोन दिवसांनी मी शेवटचं कडवं लिहिलं आणि त्यात जवानाला मारलं.

म्हणजे दादा सुखरूप आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण गाण्यात तो सुखरूप परत आला की गाणं खाली बसत होतं. मी दोन वेळा गाऊन पाहिलं. तो येतो, ती अंगण झाडते, संपलं. कोण रडणार? मग मी तिरंग्यातली पेटी आणली, गावभरची माणसं निळ्या दाराशी उभी केली, आणि शेवटी ओळ आली, "पाऊस नाय पडला गो, पाऊल कुनी पुसला." ती ओळ सुचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली.

गाणं उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये रेकॉर्ड केलं. कापडाच्या दुकानावरच्या खोलीत एका सिंधी शेठचा स्टुडिओ आहे, आमची सगळी हळदीची गाणी तिथेच होतात. शेठने शेवटचं कडवं ऐकलं आणि कानावरचे हेडफोन काढले.

"अरे साई, जवानला मारतो कायको? हळदीचा माल आहे. शादीवाला घर आहे. जिंदा रखो ना."

"शेठ, तुम्हाला नाही कळणार. पब्लिक रडली पाहिजे."

"पब्लिक रडेल. पण किसी के घर में रडेल ना?" असं म्हणून त्याने खांदे उडवले आणि मशीन चालू केलं.

पुढे वर्षभर मी सगळ्यांना सांगत आलो की शेवट शेठने बदलायला लावला, धंदेवाईक माणूस, त्याला आपल्या रीतीभाती काय माहीत. आमच्या पार्टीतली पोरंही तेच सांगतात. त्या माणसाला हे कळलं असेल, पण तो अजूनही मला चहा पाजतो.

गाणं यूट्यूबवर टाकायला फोटो हवा होता. मी वहिनीला म्हटलं, दारात उभी राहा, फोन कानाला लाव, तोंड नाही दाखवणार, बाजूने काढतो. ती लाजली, पदर सारखा केला, उभी राहिली. दादा परत बोलायला लागला होता, ती आनंदात होती, म्हणून हो म्हणाली असेल. तेव्हा तिने दोनच कडवी ऐकली होती. तिसरं आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

फोटो छान आला. पण त्यातली बाई सुखात दिसत होती. बाजूने काढला तरी कपाळावरची मोठी लाल टिकली दिसत होती, आणि मंगळसूत्राची वाटी. मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसलो होतो, समोर डबा उघडा होता. फोनमध्ये फोटो काळापांढरा केला. मग नको असलेलं पुसायचं ते बटण दाबलं आणि बोटाने तिची टिकली पुसली. मंगळसूत्र पुसायला जास्त वेळ लागला, कारण ते साडीच्या काठावरून गेलं होतं. काम झाल्यावर मी बोट पँटला पुसलं, कारण त्याला आमटी लागली होती, आणि फोटो शेठला पाठवला.

हे मी केलं, मीच केलं, आणि तेही शेठच्या नावावर ढकललं.

गाणं असं चाललं की विचारू नका. जूनपर्यंत प्रत्येक हळदीत त्याची फर्माईश. मध्येच नाच थांबायचा, बाया पदर डोळ्यांना लावायच्या, बाप्ये मोबाइलचे दिवे वर धरायचे. रिक्षात तेच, स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर तेच. कारखान्यात माझ्या मशीनजवळ येऊन लोक हात मिळवायचे. मी वहिनीला कधी विचारलं नाही, तू ऐकलंस का. विचारायची गरजच नव्हती, अंगण एकच होतं आणि गाणं चारी बाजूंनी वाजत होतं.

भातलावणी संपल्यावर एका संध्याकाळी ती आमच्या ओटीवर आली. आई घरात नव्हती, हे बघूनच आली असणार.

"भावजी, तो शेवट तेवढा बदला ना."

"का गो? कोनी काय बोलला?"

"बोलत कोनी नाय. पन मी गेली की गप होतान."

मी तिला म्हणालो, बघतो, शेठशी बोलतो, ते आता त्याच्या हातात आहे. तिने मान हलवली आणि गेली. मी शेठशी काहीही बोललो नाही. गणपतीत तिने पुन्हा सांगितलं, तेव्हा मला चक्क राग आला. एवढं गाणं चाललंय, सगळा तालुका डोक्यावर घेतोय, आणि हिचं आपलं एकच. तरी त्या रागात मी एक नवीन कडवं लिहिलं, ज्यात तो परत येतो. चांगलं जमलं होतं. वहीत लिहून ठेवलं आणि एकदाही गायलो नाही. प्रत्येक हळदीला वाटायचं, आज एवढी गर्दी आहे, आज जुनंच गाऊ, पुढच्या खेपेला बघू.

माघात माझ्या बहिणीचं लग्न निघालं. सोयरे अंबरनाथचे. दादाने लग्नासाठी सुट्टी जमवली आणि हळदीच्या दोन दिवस आधी घरी आला. आल्या आल्या त्याने मला मिठी मारली. त्याच्या तुकडीत गाणं पोचलं होतं. मराठी न कळणारेही ऐकतात, म्हणाला.

"दादा, तुला काय नाय वाटत? मी तुलाच मारला त्यात."

"आरं, आमी गान्यात रोजच मरतंव. त्याला काय घाबराचा?" तो हसला. "हिचा फोटू पन मस्त आयलाय. हिरोईनच दिसते."

हळदीच्या सकाळी मी मांडवाच्या कोपऱ्यात स्पीकरच्या वायरी जोडत होतो. मांडवाची एक बाजू सुटली होती, म्हणून दादा शिडीवर चढून ताडपत्री बांधत होता आणि वरून ओरडत होता, दोरी दे, कात्री दे. खाली बाया घाणा भरायला जमल्या. उखळ मांडलं, मुसळाला पानं बांधली. वहिनी नवी हिरवी साडी नेसून, केसांत गजरा माळून आली आणि नेहमीच्या जागी, उखळासमोर बसली.

सोयऱ्यांकडच्या दोनतीन बायका आल्या होत्या. त्यांतल्या एकीने वहिनीकडे पाहिलं, दुसरीच्या कानाला लागली. दुसरीने माझ्या आईकडे पाहिलं. कोणी एक शब्द बोललं नाही. आई पुढे आली, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाली, "तू गो जरा आतमदी भाताकडं बग. त्या पोरींना काय जमाचा नाय. करपेल."

वहिनीने वर पाहिलं. मग तिने मुसळाकडे पाहिलं. "हा काकी," म्हणाली आणि उठून आत गेली. तिच्या जागी शेजारची एक बसली, मुसळ उचललं, बाया गायला लागल्या. डोक्यावर शिडीवरून दादा विचारत होता, "घट झाला काय रं? वढून बग." ज्याच्या मरणाच्या भीतीने त्याच्या बायकोला उठवलं, तो माणूस वरून मला दोरी ओढायला सांगत होता. मी दोरी ओढली. घट्ट आहे, म्हणालो.

त्या वेळी मी चार पावलं पुढे जायला हवं होतं. आईला एवढंच म्हणायचं होतं, आये, तिला बसव. एवढंच. मी वायरी जोडत राहिलो. माझे कान इतके तापले होते की वाटलं, सगळ्यांना दिसत असतील. कोणी बघतही नव्हतं.

संध्याकाळी मांडव भरला. मी ठरवलं होतं, आज नवीन कडवं गायचं, जीव गेला तरी. चारपाच गाणी झाली आणि दादानेच हात वर करून ओरडून सांगितलं, "आता आपला गाना होऊ दे!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. वहिनी बायकांत मागे बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आज बदलतो, असं मला सांगायचं होतं, आणि तिला ते कळलं असं मला वाटलं.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. कीबोर्डवाला मध्ये वाजवत होता, मी श्वास घेतला. मी तोंड उघडायच्या आधीच मांडवाने शेवटचं कडवं उचललं. चारपाचशे माणसं, बाया, म्हातारे, पोरं. तिरंग्यातली पेटी आणली, निळ्या दाराशी ठेवली. सगळ्यांत मोठा आवाज दादाचा होता, डोळे मिटून, हात वर करून, स्वतःचं मरण गात होता. मी माइकमध्ये नवीन शब्द म्हटले असते तर कोणाला ऐकू आले असते की नाही, ठाऊक नाही. पण ऐकू न येता का होईना, म्हणायला हवे होते. मी नाही म्हटले. मी सगळ्यांबरोबर जुनंच गायलो, आणि शेवटच्या ओळीला आवाज असा लावला की समोरच्या बाया हुंदके द्यायला लागल्या.

वहिनी उठून पाण्याच्या पिंपाकडे गेली. दादाला वाटलं तिला भरून आलं. त्याने मला खूण केली, बघ, तुझी वहिनी पण रडली.

लग्न पार पडलं, दादा ड्युटीवर गेला. तो पोचल्याचा फोन आला त्या दिवशी मी वहिनीकडे गेलो. हात जोडले नाहीत, पण आवाज तसाच काहीसा होता. म्हणालो, वहिनी, तो शेवट शेठचा नाही, माझाच आहे. आणि फोटोतली टिकली मी पुसली, मंगळसूत्र मी पुसलं, या बोटाने.

"मना म्हाईत होता," ती म्हणाली. "फोटू तुमचेच फोनात होता."

"मग तू बोलली का नाय?"

"काय बोलू? तुमीच बोलता काय, ते बगत होती."

मी विचारलं, आता काय करू, गाणं काढून टाकू का? ती म्हणाली, काढून काय होणार, ते लोकांच्या तोंडात बसलंय. मग म्हणाली, "बायांना सांगा. काकीला सांगा. फोटू तुमी पुसला, आनि मानूस जित्ता हाय. माज्यासमोर नको. मी नसन तवा सांगा."

ती दुसरं काहीही मागू शकली असती. हे एवढंच मागितलं.

अक्षय तृतीयेला भावकीत दुसरं लग्न होतं. घाणा भरायच्या सकाळी मी तिथे गेलो. वहिनी आली नव्हती. तिने निरोप पाठवला होता की तिला अडचण आहे. बायकांनी तो निरोप घेतला आणि पुढच्या कामाला लागल्या. कोणी अरेरे म्हणालं नाही. मला तर वाटलं, दोघीतिघींना बरंच वाटलं.

मी बायकांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. बाप्या माणसाने तिथे जायची रीत नाही, त्यामुळे सगळ्या गप्प झाल्या. मी सांगितलं. कॅन्टीन, फोन, बोट, सगळं. दादा धडधाकट आहे, काल रात्रीच बोललो, म्हणालो. वहिनीचा काही दोष नाही, तिला तिची जागा द्या, म्हणालो. माझा आवाज माइकशिवाय फार बारीक निघत होता.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक हसली. मग सगळ्या हसल्या.

"आवं भावजी, आमी कुठं काय बोललो?"

"तिला कोन काय बोलला? तीच आजकाल मागं मागं ऱ्हाते."

"गाना हाय तो. गान्याचा काय एवढा?"

आई उखळाशी बसून हळकुंडं मोजत होती. तिने मान वर केली नाही. "जा तू भायेर," एवढंच म्हणाली. मी बाहेर आलो आणि मागे मुसळाचा आवाज सुरू झाला.

खरंच, कोणी काही बोललंच नव्हतं. मी काय परत घ्यायला गेलो होतो आणि कोणाकडून, तेच मला कळेना. वहिनीला उठवताना एक शब्द लागला नव्हता, आणि तिला परत बसवायला माझे एवढे शब्द पुरले नाहीत.

दुपारी मी वहिनीकडे गेलो. ती ओटीवर उभी राहून वाळलेल्या साड्या घडी करत होती. अडचणबिडचण काही नव्हती, देवघरात ताजं फूल होतं, ते मला दिसलं. मी म्हणालो, सांगितलं सगळं, बायांना, आयेला, सगळ्यांसमोर.

"काय बोलल्या?"

"हसल्या. बोलल्या, आमी कुठं काय बोललो."

तिने साडीची घडी घातली, तळहाताने दाबली. मला वाटलं आता ती चिडेल, रडेल, निदान मला चार शब्द ऐकवेल. त्यासाठी मी तयार होऊन उभा होतो.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "पन तुमाला बरा वाटला ना, भावजी? हलका वाटला?"

त्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, आजारी माणसाला विचारावं तसं. तिथून इथवर चालत येताना मला खरोखरच हलकं वाटलं होतं. एका ठिकाणी तर मी शीळही घातली होती.